डाळिंब, माशाचं तेल आणि स्किझोफ्रेनिया

२००३ साली ‘स्किझोफ्रेनिया रिसर्च’ या नियतकालिकात पुण्यातल्या एका प्रयोगावरचा निबंध छापून आला. स्किझोफ्रेनियाच्या ३३ रुग्णांना चार महिने सकाळ-संध्याकाळ एक पूरक मात्रा दिली होती. तिच्यात माशाच्या तेलातली दोन मेदाम्लं होती, ईपीए १८० मिलिग्रॅम आणि डीएचए १२० मिलिग्रॅम. शिवाय ई जीवनसत्त्व ४०० युनिट आणि क जीवनसत्त्व ५०० मिलिग्रॅम. चार महिन्यांनी रुग्णांच्या तांबड्या पेशींच्या आवरणात ही मेदाम्लं वाढलेली दिसली आणि आजाराची तीव्रता मोजणाऱ्या मापनपट्ट्यांवरचे आकडे खाली आले. मग पुढचे चार महिने ही मात्रा बंद ठेवली. मेदाम्लं मूळ पातळीवर परत आली, सुधारणा मात्र बरीचशी टिकून राहिली.

निबंधाच्या लेखकांत पहिलं नाव अरविंदाक्षन यांचं. सोबत प्रभाकर रांजेकर, ज्यांची हयात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत वनस्पतींच्या डीएनएवर काम करण्यात गेली आणि जे पुढे भारती विद्यापीठाच्या आरोग्य-संशोधन संस्थेत मनोविकारांच्या जैवरसायनाकडे वळले. आणि शेवटचं नाव साहेबराव महाडिक. नाव असं, की सोलापूरच्या कुठल्याही गल्लीत ऐकू यावं. माणूस मात्र अमेरिकेत, जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा गावच्या वैद्यकीय महाविद्यालयात. स्किझोफ्रेनियात शरीराची ऑक्सिजनपासूनची संरक्षणव्यवस्था ढासळते, हा विचार जगापुढे नेटानं मांडणाऱ्यांत महाडिक अग्रभागी होते. सुकदेब मुखर्जी यांच्यासोबत १९९६ साली त्यांनी या विषयाचा जो आढावा घेतला, त्याचे दाखले आजही दिले जातात.

पुण्याहून सोलापूर अडीचशे किलोमीटर. इथं या संशोधनाचं नाव कुणाच्या कानावर नसेल, पण त्यातला प्रश्न रोज विचारला जातो. सिव्हिलच्या म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयाच्या आवारात असो किंवा एखाद्या खासगी मानसोपचारतज्ज्ञाच्या दारात, मुलाला घेऊन आलेली आई विचारते, “साहेब, ह्या गोळ्या लई उष्ण पडतात म्हणे. डाळिंबाचा रस दिला तर चालतंय का? डोक्याला थंड असतं म्हणतात.” डॉक्टर म्हणतात, “मावशी, डाळिंब द्या की, रोज द्या. पण गोळ्या बंद करायच्या नाहीत.”

प्रश्न सोलापूरचाच आहे. सांगोल्यापासून पंढरपूरपर्यंतच्या कोरडवाहू जमिनीवर डाळिंबानं घरं उभी केली. केगावला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे आणि २०१६ साली सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकनही मिळालं. भगवा जातीचा तो गडद लाल दाणा अँटिऑक्सिडंटांनी भरलेला आहे, ही माहिती आता रसाच्या गाड्यावरही मिळते. मेंदूत ऑक्सिडेशनमुळे बिघाड होत असेल आणि डाळिंबात त्यावरचं औषध ठासून भरलेलं असेल, तर आईचा प्रश्न भाबडा नाही. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी तोच प्रश्न प्रयोगशाळेच्या भाषेत विचारला होता. फरक इतकाच, की त्याचं उत्तर शोधताना जगाला वीस वर्षं लागली आणि ते उत्तर सरळ नाही.

आधी ऑक्सिजनचं पाहू. आपल्या वजनाचा जेमतेम दोन टक्के भाग मेंदूचा, पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे वीस टक्के ऑक्सिजन तो एकटा वापरतो. पेशीतल्या मायटोकाँड्रियात अन्नातली ऊर्जा सोडवून घेताना इलेक्ट्रॉन एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर जातात आणि शेवटी ऑक्सिजनच्या हवाली होतात. यातले थोडे वाटेतच निसटतात. निसटलेला इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या रेणूला चिकटला, की सुपरऑक्साइड तयार होतं. ते आसपासच्या रेणूंवर तुटून पडण्याआधीच त्याला गाठायला शरीरात विकरं आहेत. सुपरऑक्साइड डिस्म्युटेझ हे त्यातलं पहिलं. ते सुपरऑक्साइडपासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतं आणि मग कॅटलेझ किंवा ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेझ त्याचं पाणी करतं. सुपरऑक्साइड डिस्म्युटेझचं हे काम मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी १९६९ साली दाखवलं. १९८५ मध्ये हेल्मुट झीस या जर्मन जैवरसायनतज्ज्ञानं या साऱ्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस हे नाव दिलं. मारा करणाऱ्यांची संख्या अडवणाऱ्यांपेक्षा वाढली, की त्या स्थितीचं हे नाव. मानसिक ताणाशी या ‘स्ट्रेस’ची गल्लत करू नये.

मेंदूला हा मारा जास्त का बाधतो, हे समजायला सोलापूरचं स्वयंपाकघर पुरेसं आहे. करडईचं तेल इथलं जुनं तेल. भीमा, फुले कुसुमा या करडईच्या जाती सोलापूरच्याच कोरडवाहू शेती संशोधनातून आल्या. करडईच्या तेलात सुमारे तीन चतुर्थांश लिनोलेइक आम्ल असतं, ज्याच्या साखळीत दोन दुहेरी बंध असतात. जवसाच्या मेदाम्लात ते तीन. म्हणून जवसाची चटणी फार दिवस ठेवली, की तिला खवट वास मारतो. ऑक्सिजन नेमका या दुहेरी बंधांच्या शेजारी घुसतो आणि एका साखळीतून दुसऱ्या साखळीत पेटत जातो. मेंदूच्या पेशींच्या आवरणात डीएचए भरपूर असतं आणि त्यात असे सहा दुहेरी बंध आहेत. बंध जितके जास्त, तितका मेद मऊ, लवचिक, संदेशवहनाला सोयीचा, आणि तितकाच लवकर बिघडणारा. मेंदूतला मेद खवट होणं ही उपमा नाही. बरणीत आणि मज्जापेशीत घडणारी रासायनिक क्रिया एकच आहे.

ही क्रिया मोजायची एक जुनी चाचणी आहे आणि ती पाहण्यासारखी असते. रक्तातला द्रव वेगळा काढून त्यात थायोबार्बिट्युरिक आम्ल घालतात आणि नळी उकळत्या पाण्यात ठेवतात. मेद मोडून त्यातून मॅलॉनडायअल्डिहाइड नावाचा तुकडा सुटलेला असेल, तर नळीतलं पाणी हळूहळू गुलाबी होत जातं. जितका गुलाबी रंग, तितका मेद जास्त जळालेला. नळी गार करून यंत्रात घालायची आणि ५३२ नॅनोमीटरच्या प्रकाशात रंगाची तीव्रता वाचायची. महागडं काही लागत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणच्या वैद्यकीय महाविद्यालयातला जैवरसायन विभागही हे सहज करू शकतो, आणि म्हणूनच भारतातून या विषयावर इतके निबंध निघाले. पण ही चाचणी ढोबळ आहे. रक्तातली इतर काही द्रव्यंही तसाच रंग देतात. शिवाय नळीत असतं ते दंडातून काढलेलं रक्त. त्यावरून मेंदूत काय चाललंय याचा अंदाज बांधता येतो, खात्री देता येत नाही.

त्यात आणखी एक अडचण. स्किझोफ्रेनियाचा रुग्ण वर्षानुवर्षं औषधं घेतो, अनेकदा भरपूर विड्या किंवा सिगारेटी ओढतो, नीट जेवत नाही, फारसा हिंडत-फिरत नाही. त्याच्या रक्तात मेद जळालेला सापडला, तर तो आजारामुळे, औषधामुळे की विडीमुळे? तंबाखूचा धूर म्हणजे शरीरात थेट सोडलेला मारा. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हॅलोपेरिडॉलसारखं जुनं औषध दीर्घकाळ दिल्यावर मेंदूतली संरक्षक विकरं घटलेलीही दिसली आहेत. ही गुंतागुंत सोडवायला असे रुग्ण हवेत, ज्यांनी अजून एकही गोळी घेतलेली नाही. अमेरिकेत असा रुग्ण सापडणं कठीण. आपल्याकडे, दुर्दैवानं म्हणा, तो सापडतो, कारण वर्ष-दोन वर्षं आजार अंगावर काढून, गाणगापूरला जाऊन, अंगारे-धुपारे करून मगच लोक डॉक्टरकडे पोचतात. पुण्याच्या गटानं नेमके असे रुग्ण घेतले. गोळीच न घेतलेल्यांच्या तांबड्या पेशींतही डीएचए आणि ॲराकिडोनिक आम्ल निरोगी माणसांपेक्षा कमी होतं आणि मेद जळाल्याच्या खुणा जास्त होत्या. या एका निरीक्षणाचं मोल मला फार वाटतं. बिघाडाचं सगळं खापर औषधांवर फोडायची सोय त्यानं काढून घेतली.

पुढे २०१३ साली जगभरातल्या अशा अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण झालं, तेव्हा चित्र आणखी स्पष्ट झालं. आजाराचा पहिला झटका आलेल्यांच्या रक्तात एकूण अँटिऑक्सिडंट क्षमता कमी असते. आणि झटका उसळलेला असताना नेहमीची मनोविकारविरोधी औषधं सुरू केली, की ती क्षमता वाढते. ज्या गोळ्या उष्ण पडतात अशी आईला धास्ती, त्यांच्या उपचारानंतरच रक्तातलं हे पारडं सावरताना दिसतं. सुपरऑक्साइड डिस्म्युटेझ मात्र आजार शांत असतानाही कमीच राहतं. तेव्हा त्याचा संबंध झटक्याशी नसून माणसाच्या मूळ घडणीशी असावा.

ऑक्सिडेशन आणि वेड यांची सांगड १९५४ मध्येही घातली गेली होती, आणि ती कथा सावध करणारी आहे. हम्फ्री ऑस्मंड आणि एब्राम हॉफर हे कॅनडाच्या सस्कॅचेवानमध्ये काम करत होते. जॉन स्मायथीज यांच्यासह त्यांनी मांडलं, की शरीरातल्या ॲड्रिनॅलिनचं ऑक्सिडेशन होऊन ॲड्रिनोक्रोम तयार होतं आणि तेच रुग्णांना भास घडवतं. जुनं, हवा लागलेलं ॲड्रिनॅलिनचं द्रावण गुलाबी पडतं, ते यामुळेच. यावरून हॉफर यांनी रुग्णांना नायसिनचे म्हणजे बी-३ जीवनसत्त्वाचे मोठे डोस द्यायला सुरुवात केली आणि गुण येतो असं ते आयुष्यभर सांगत राहिले. पण सत्तरच्या दशकात कॅनडातच काटेकोर चाचण्या झाल्या, तेव्हा नायसिनचा काहीच फायदा दिसला नाही. कल्पना बुद्धिमान होती, माणसं तळमळीची होती, आणि तरीही उपचार फोल ठरला. जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी मनोविकार बरे करण्याचा दावा आजही त्याच शिदोरीवर चालतो.

ऑक्सिडेशनची कल्पना मात्र वेगळ्या वाटेनं परत आली. स्वित्झर्लंडमधल्या किम डो यांच्या गटानं २००० साली रुग्णांच्या पाठीच्या कण्यातला द्रव तपासला. त्यात ग्लुटाथायोन २७ टक्क्यांनी कमी भरलं. चुंबकीय उपकरणानं मेंदूच्या पुढच्या भागात ते मोजलं, तर ५२ टक्क्यांनी कमी. पुढे जास्त सूक्ष्म उपकरणांनी झालेल्या मोजणीत हा फरक बराच लहान निघाला, काहींना तो दिसलाही नाही. तरी त्या निबंधानं लक्ष योग्य जागी वळवलं. ग्लुटाथायोन हा पेशीच्या आतला मुख्य रक्षक. ग्लुटामेट, सिस्टीन आणि ग्लायसीन या तीन अमिनो आम्लांचा तो बनतो आणि त्यातलं सिस्टीन बहुधा अपुरं पडतं. काही रुग्णांत ग्लुटाथायोन बनवणाऱ्या विकराच्या जनुकातच फरक असतो, असं त्याच गटानं पुढे दाखवलं. म्हणजे माराही वाढलेला आणि ढालही आनुवंशिकपणे पातळ.

यातला मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग पुढेच आहे. मेंदूच्या बाह्यस्तरात पार्व्हाल्ब्युमिन नावाचं प्रथिन असलेल्या काही मज्जापेशी असतात. त्या संख्येनं थोड्या. त्यांचं काम इतर पेशींना आवरणं. ठरावीक लयीत, सेकंदाला तीस ते ऐंशी वेळा, त्या आजूबाजूच्या शेकडो पेशींना थांबवतात आणि सोडतात. या लयीमुळे मेंदूचे वेगवेगळे भाग एकाच वेळी एकाच गोष्टीवर काम करू शकतात. समोरच्याचं बोलणं धरून ठेवणं, विचाराचा धागा न सोडणं, गोंगाटातून नेमकं ऐकणं, सगळं यावर अवलंबून. इतक्या वेगानं काम करणाऱ्या पेशीला ऊर्जा प्रचंड लागते, म्हणजे ऑक्सिजन प्रचंड लागतो, म्हणजे इलेक्ट्रॉनही जास्त निसटतात. ग्लुटाथायोन कमी पडलं, तर पहिला फटका यांनाच. २००७ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या बेहरेन्स आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात हे उंदरांत दिसलं. केटामिन दिल्यावर मेंदूत सुपरऑक्साइड वाढलं आणि या पेशींनी आपलं पार्व्हाल्ब्युमिन गमावलं. सुपरऑक्साइड बनवणारं विकर अडवलं, तर त्या वाचल्या. केटामिन हे तेच औषध, ज्यानं निरोगी माणसातही तात्पुरती स्किझोफ्रेनियासारखी लक्षणं उमटतात.

या पेशींभोवती प्रथिनं आणि शर्करांची एक जाळी विणली जाते, जी त्यांना ऑक्सिडेशनपासूनही जपते. ही जाळी बालपणात आणि पौगंडावस्थेत पुरी होत जाते. किम डो यांच्याच लोझानमधल्या गटानं ग्लुटाथायोन कमी असलेल्या उंदरांवर वेगवेगळ्या वयात ऑक्सिडेशनचा मारा केला. दूध पिण्याच्या वयात किंवा वयात येताना मारा झाला, तर मोठेपणी त्या पेशी कमी पडल्या. वाढ पुरी झाल्यावर तोच मारा केला, तर फारसं बिघडलं नाही. आता रुग्णालयात येणाऱ्यांची वयं पाहा. बारावीचं वर्ष, कॉलेजचं पहिलं वर्ष, एमआयडीसीत किंवा यंत्रमागावर नुकतं कामाला लागलेला पोरगा. आजार बहुधा सतरा-अठरा ते पंचवीसच्या दरम्यान उघड होतो. आपण तेव्हा तो पाहतो, पण त्याची पायाभरणी बरीच आधी, पोटात असताना किंवा शाळकरी वयात, झालेली असू शकते. बाळंतपणात बाळाला ऑक्सिजन कमी पडणं, गरोदर आईला झालेला संसर्ग, तिची उपासमार या गोष्टींनी पुढे स्किझोफ्रेनियाचा धोका वाढतो. नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या भुकेच्या हिवाळ्यात गर्भात आलेल्यांत तो सुमारे दुप्पट आढळला. पंचविशीतल्या रुग्णाला दिलेला डाळिंबाचा रस त्याच्या पोटात जातो, त्याच्या शाळकरी वयात नाही.

आता पुण्याच्या त्या प्रयोगाकडे परत जायला हवं. त्यात एक उणीव होती आणि ती लेखकांनी स्वतःच लिहून ठेवली होती. खोटी गोळी घेणारा, तुलनेसाठीचा गट त्यात नव्हता. आपल्याला काही नवं दिलं जातंय, डॉक्टर वारंवार विचारपूस करताहेत, एवढ्यानंही माणूस सुधारतो. मेदाम्लांचा गुण किती आणि जीवनसत्त्वांचा किती, हेही वेगळं काढता येत नव्हतं. या दोन्ही उणिवा भरून काढणारं काम पुढे करा, असं निबंध सांगतो. नॉर्वेत ते झालं. ९९ रुग्ण, १६ आठवडे, कुणाला ईपीए, कुणाला ई आणि क जीवनसत्त्वं, कुणाला दोन्ही, कुणाला खोटी गोळी. २०१३ साली निकाल आला आणि तो कुणालाच अपेक्षित नव्हता. ज्यांच्या रक्तात ही मेदाम्लं मुळातच कमी होती, त्यांना नुसतं ईपीए दिल्यावर आजाराची लक्षणं, विशेषतः संशय, बळावली. नुसती जीवनसत्त्वं दिल्यावरही तेच. दोन्ही एकत्र दिली, तेव्हा नुकसान झालं नाही, पण फायदाही दिसला नाही. ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे असं वाटत होतं, त्यांचंच नुकसान झालं.

माशाच्या तेलाचं दुसरं प्रकरणही असंच. व्हिएन्नात आमिंगर यांनी ८१ तरुण निवडले. आजार अजून झालेला नाही, पण व्हायची चिन्हं आहेत असे. बारा आठवडे माशाचं तेल दिलं. वर्षभरात तेल घेणाऱ्यांपैकी ४.९ टक्क्यांना आजार झाला, न घेणाऱ्यांपैकी २७.५ टक्क्यांना. २०१० साली ही बातमी आली, तेव्हा आशेला पालवी फुटली. मग अनेक देशांत मिळून ३०४ जणांवर तीच चाचणी झाली. २०१७ मध्ये कळलं की दोन्ही गटांत काहीच फरक नाही. ग्लुटाथायोनला लागणारं सिस्टीन पुरवणारं एन-ॲसिटिल सिस्टीन, जे आपल्याकडे छातीतला कफ पातळ करायला आणि पॅरासिटामॉलच्या विषबाधेवर वापरतात, त्याची कथा जरा बरी आहे. मेलबर्नच्या मायकेल बर्क यांनी २००८ साली १४० रुग्णांवर, रोज दोन ग्रॅम, २४ आठवडे अशी चाचणी केली. माफक पण खरी सुधारणा दिसली, विशेषतः त्या लक्षणांत ज्यांवर नेहमीच्या गोळ्यांचा फारसा इलाज चालत नाही. लोझानमध्ये आजाराच्या सुरुवातीच्या ६३ रुग्णांत मेंदूतलं ग्लुटाथायोन २३ टक्क्यांनी वाढलं, विचारांचा वेग थोडा सुधारला, मुख्य लक्षणं मात्र तशीच राहिली. क्लोझापिन या औषधालाही दाद न देणाऱ्या जुन्या रुग्णांत वर्षभर देऊनही फरक पडला नाही. माझ्या मते या सगळ्याचा एकच अर्थ लागतो. बिघाड खरा आहे. पण तो सगळ्या रुग्णांत सारखा नाही, आणि वेळ निघून गेल्यावर नुसती ढाल जाड करून भागत नाही.

ज्या लक्षणांवर इलाज चालत नाही म्हटलं, त्यांचा त्रास घरच्यांना सर्वांत जास्त होतो. आवाज ऐकू येणं गोळ्यांनी थांबतं. पण पोरगा अंघोळ करत नाही, कुणाशी बोलत नाही, जेवायला हाक मारली तर उठत नाही, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. शेजारीपाजारी त्याला आळशी म्हणतात, बापही म्हणतो. सोलापुरात वाढलेल्या, इथल्या नाट्य आराधना या हौशी संस्थेत काम केलेल्या अतुल कुलकर्णींनी सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’त अशाच एका तरुणाची भूमिका केली. त्या चित्रपटामागे कॅलगरीचे प्राध्यापक जगन्नाथ वाणी यांची तळमळ होती. त्यांनी पत्नीचा आजार घरात पाहिला होता, आणि पुण्यात रुग्णांच्या कुटुंबीयांसाठी स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. भिंतीकडे तोंड करून पडलेला तो पोरगा आळशी नाही. त्याच्या मेंदूतली लय बिघडली आहे. ऑक्सिडेशनच्या संशोधनानं अजून त्याला औषध दिलेलं नाही, पण एवढं सांगायला पुरावा दिला आहे.

डाळिंबाचं काय मग? डाळिंबात प्युनिकॅलॅजिन आणि इतर पॉलिफेनॉलं असतात आणि परीक्षानळीत ती जोरदार काम करतात. पण पोटात गेल्यावर आतड्यातले जिवाणू त्यांचे तुकडे करतात, त्यातले थोडेच रक्तात उतरतात आणि मेंदूपर्यंत त्याहून थोडे. कोणत्या फळात किती अँटिऑक्सिडंट शक्ती याची जी यादी अमेरिकेच्या कृषी खात्यानं प्रसिद्ध केली होती, ती २०१२ साली त्यांनीच मागे घेतली, कारण नळीतल्या त्या आकड्यांचा माणसाच्या शरीरातल्या परिणामाशी संबंध दाखवता येत नव्हता आणि कंपन्या ते आकडे जाहिरातींत वापरत होत्या. फळ म्हणून डाळिंब उत्तम आहे. आजारावरच्या गोळ्यांमुळे वजन वाढतं, रक्तातली साखर वाढते, तेव्हा रस गाळून पिण्यापेक्षा दाणे चावून खावेत.

अँटिऑक्सिडंटांच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनानं घेऊ नयेत. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल अशी अपेक्षा होती. १९९४ साली निकाल आला तेव्हा तो १८ टक्क्यांनी वाढलेला दिसला. घरोघरी बायका विड्या वळतात अशा आमच्या शहरात हे सांगायलाच हवं. विडीबद्दल आणखी एक. धुरामुळे यकृतातलं एक विकर वाढतं आणि क्लोझापिन, ओलान्झापिन ही औषधं शरीरातून लवकर निघून जातात. विडी सोडणं चांगलंच, पण एकदम सोडली तर त्याच डोसनं औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढतं. सोडायच्या आधी डॉक्टरांना सांगावं.

महाराष्ट्रापुरता एक धागा मला या सगळ्यात सर्वांत आश्वासक वाटतो, आणि तोही पुण्याचाच आहे. २०१० साली भारती विद्यापीठातल्या साधना जोशी आणि महाडिक यांच्या गटानं गोळी न घेतलेल्या रुग्णांत बी-१२, फोलिक आम्ल आणि डीएचए कमी, आणि होमोसिस्टीन वाढलेलं दाखवलं. होमोसिस्टीनपासूनच शरीर सिस्टीन आणि पुढे ग्लुटाथायोन बनवतं, त्यामुळे ही साखळी सरळ त्या ढालीपर्यंत जाते. भाकरी, आमटी आणि शेंगाचटणीवर वाढलेल्या, दूध-मांस-मासे क्वचित मिळणाऱ्या घरात बी-१२ कमी असणं मुळीच नवल नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर बायकांचा जो अभ्यास केला, त्यात सुमारे दोन तृतीयांश जणींमध्ये ते कमी होतं. बी-१२ भरून काढल्यानं स्किझोफ्रेनिया बरा होतो असं कुणी दाखवलेलं नाही. पण बी-१२ च्या तीव्र कमतरतेनंही माणसाला भास होतात, हातापायाला मुंग्या येतात, स्मरण बिघडतं, आणि ते इंजेक्शननं सुधारतं. म्हणून पहिला झटका आलेला मुलगा घेऊन गेलात, तर बी-१२ तपासायचं का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. गावात मानसोपचारतज्ज्ञ नसेल, तर टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मराठीतही बोलता येतं. आणि वाट पाहू नका. झटका आल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत जितके महिने जातात, तितकी पुढची सुधारणा अवघड होते.